सातारा खंड्यापासून सुरू करा

लहान मुलांना घेऊन सातारला येणाऱ्यांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. अजिंक्यतारा, सज्जनगड, ठोसेघर, कास आणि जाता जाता लिंबची विहीर, असा एका दिवसाचा बेत आखू नका. मोठ्यांना सगळं बघून झाल्याचं समाधान मिळतं. मुलांच्या वाट्याला गाडीतली मागची सीट, घाटातली मळमळ आणि ‘इकडे बघ, फोटो काढते’ एवढंच येतं. मग आपणच म्हणायला मोकळे, की हल्लीच्या पोरांना इतिहासात रस नाही. रस भरपूर असतो, फक्त तो सनावळीपासून सुरू होत नाही.

माझं माहेर सातारा, सासर सांगली. थोरली आठ वर्षांची आहे, धाकटा पाच. त्यांना घेऊन मी शक्यतो रेल्वेनेच माहेरी येते. सातारचं स्टेशन गावात नाही, माहुलीला आहे. लोक त्यावरून कुरकुरतात, पण मुलं बरोबर असली की मला ती सोयच वाटते. कारण संगम माहुली तिथून जवळ, आणि सातारा दाखवायला सुरुवात करावी तर तिथूनच. कृष्णा-वेण्णेचा संगम, घाट, देवळं, ताराराणींची आणि थोरल्या शाहू महाराजांची समाधी हे सगळं तिथे आहेच. शिवाय शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याचीही समाधी आहे. शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असं सांगतात. धाकट्याने त्या दगडी कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, “आई, याचा राजा कुठंय?”

पुढे शाहू महाराज समजावून सांगायला मला काहीच खटपट करावी लागली नाही. रायगड पडला तेव्हा हा मुलगा सात वर्षांचा होता, आईसोबत मुघलांच्या कैदेत गेला आणि सुटला तो थेट १७०७ साली, मोठा माणूस होऊन. दुसऱ्या वर्षी साताऱ्यात त्याचा राज्याभिषेक झाला आणि किल्ल्याच्या पायथ्याशी शहर वाढलं. “सात म्हणजे माझ्याहून लहान,” थोरली म्हणाली आणि गप्प झाली. कैदेत त्याला खेळायला कोण होतं, हा तिचा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर मी घरी गेल्यावर आजोबांवर सोपवलं.

अजिंक्यताऱ्याला वेगळी सकाळ द्या आणि ऊन चढायच्या आत खाली या. वर गेलं की सगळा सातारा एका नजरेत येतो. आपलं घर शोधण्यात मुलांचा वेळ मजेत जातो. तिथे सांगावी अशी एक गोष्ट आहे. औरंगजेब स्वतः किल्ल्याला वेढा घालून बसला होता. १७०० च्या एप्रिलमध्ये मुघलांनी सुरुंग उडवला आणि तट बाहेरच्या बाजूला ढासळून त्यांचीच माणसं चिरडली गेली. आतले किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले गेले होते, पण त्यांना जिवंत उकरून काढलं. ही हकीकत ग्रँट डफने लिहिली आहे, जो सातारलाच इंग्रजांचा रेसिडेंट होता. किल्ला नंतर पडला, हेही मुलांना सांगावं. हरलेल्या लढाईतल्या शौर्याची त्यांना चांगली समज असते.

पण मला सगळ्यांत मोलाची वाटते ती राजवाड्यातली शाळा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी हायस्कुलात, आताच्या प्रतापसिंह हायस्कुलात, नऊ वर्षांच्या एका मुलाचं नाव पहिली इंग्रजीत दाखल झालं. रजिस्टरमधला क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर, म्हणजे पुढचे बाबासाहेब. वर्गात त्याला इतर मुलांत बसू देत नसत. कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर तो एकटा बसायचा.

सांगलीहून येताना किर्लोस्करवाडी, ताकारी, कऱ्हाड मागे पडलं की मसूर लागतं. तिथे गाडी थांबली की मी मुलांना खिडकीशी घेते. १९०१ साली भिवा, त्याचा भाऊ आणि मोठ्या बहिणीची दोन मुलं सातारहून याच स्टेशनवर उतरली होती. वडील नोकरीनिमित्त खटाव तालुक्यात होते, त्यांच्याकडे सुट्टीला निघालेली. नवे कपडे घातलेली, पहिल्यांदाच आगगाडीत बसलेली. पत्र न पोचल्यामुळे न्यायला कुणी आलं नाही. मुलं महार आहेत हे कळल्यावर एकही गाडीवान त्यांना बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाड्यावर, मुलांनीच बैल हाकायचे आणि गाडीवानाने पायी चालायचं, असं ठरलं. बरोबर डबा भरलेला होता, पण वाटेत पाणी मिळेना, म्हणून ती रात्र उपाशी गेली. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’त हे लिहून ठेवलं आहे. एवढ्या लहान वयात हे कशाला सांगायचं, असं मला घरातल्यांनी विचारलं. ज्यांच्यावर गुदरलं ती मुलं याच वयाची होती. माझ्या मुलीने हे सगळं ऐकलं, हातातली पाण्याची बाटली खाली ठेवली आणि गाडीवानाचा तिला जो राग आला तो सातारपर्यंत उतरला नाही. तो राग तिला यायलाच हवा.

सांगलीत हेच करता येतं. गणपती मंदिर झालं की आयर्विन पुलाकडे जावं. १९२९ सालचा हा पूल. पावसाळ्यात अख्खी सांगली त्याच्या खालचं पाणी फुटात मोजत असते. ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेलं. ते कुठवर आलं होतं हे मुलाला घराच्या भिंतीवर हात ठेवून दाखवलं, की नदीकाठचं शहर म्हणजे काय ते कळतं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत वाळलेल्या भोपळ्यापासून तंबोरा होताना पाहून माझ्या मुलाने मंडईतला प्रत्येक भोपळा वाजवून बघायला सुरुवात केली. ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ नाटक केलं, हे मात्र नुसतं सांगू नका. बालनाट्य दाखवा आणि मग सांगा.

राहिला प्रश्न सोयींचा, आणि तिथे मी कुणाला सूट द्यायला तयार नाही. पाच वर्षांच्या मुलाला शू लागली की ती थांबत नाही. ऐतिहासिक ठिकाणी स्वच्छ स्वच्छतागृह, प्यायचं पाणी आणि बसायला सावली नसेल, तर आई तिथून दहा मिनिटांत निघते आणि पुन्हा येत नाही. सुशोभीकरणाचा निधी कमानी आणि रंगीत दिव्यांवर घालण्याआधी तो इथे घाला. लिंबची बारामोटेची विहीर सुमारे तीनशे वर्षांची, शंभर फुटांहून खोल. तिथे मुलाचा हात सोडून जमत नाही, तेव्हा काठाला आधार हवा. आणि फलक दुसरीतल्या पोराला वाचता येतील असे, त्याच्या उंचीवर, मोठ्या अक्षरात, चार ओळींचे लावा. पुतळ्याच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे.

७ नोव्हेंबर हा राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. सातारा-सांगलीच्या शाळांनी त्या दिवशी भाषणं आटोपती घ्यावीत आणि लहान वर्गांना राजवाड्यापर्यंत चालत न्यावं. पालकांनीही पुढच्या सुट्टीत मोटार घरी ठेवून मसूरवरून जाणारी पॅसेंजर धरावी, आणि एका दिवसात एकच ठिकाण बघावं.