पंचाची सही

तुळजापुरात पुजाऱ्याचे घर म्हणजे भाविकांचेही उतरण्याचे ठिकाण. तेथे भाविकाला आमंत्रण लागत नाही. पोलिसांना मात्र कायद्याचा आधार लागतो. २०२५ मध्ये येथील अमली पदार्थांचे प्रकरण राज्यभर गाजले. अशा वेळी घरोघर झडत्या व्हाव्यात, असे संतप्त नागरिकांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु संताप म्हणजे वॉरंट नव्हे.

झडतीचे वॉरंट लेखी हवे, त्यावर न्यायाधीशाची सही आणि न्यायालयाची मोहोर हवी. न्यायालयाने घराचा विशिष्ट भागच नमूद केला असेल, तर झडती तेवढ्याच भागाची. अमली पदार्थांच्या कायद्याने अधिकृत अधिकाऱ्यास दिवसा वॉरंटाविनाही झडती घेता येते. तथापि मिळालेली खबर त्याने लिहून ठेवली पाहिजे. सूर्यास्तानंतर घरात शिरावयाचे तर वॉरंटासाठी का थांबता येत नाही, याची कारणेही नोंदविली पाहिजेत. या तरतुदीचे सर्वस्वी उल्लंघन खपवून घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००९ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे पोलिसांच्या हलगर्जीपणाचा लाभ अखेर गुन्हेगारासच मिळतो.

२०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेने झडतीचे चित्रीकरण आवश्यक केले. तरीही परिसरातील दोन निःपक्षपाती, प्रतिष्ठित पंच लागतातच. आणि असे पाचारण एखाद्या शिक्षकाला, कारकुनाला केव्हाही होऊ शकते. त्याने आपल्या डोळ्यांदेखत सापडलेल्या वस्तूंच्याच यादीवर सही करावी आणि तिची प्रत घरात राहणाऱ्यास मिळाली की नाही, हे पाहावे. न पाहता केलेली सही एक तर निरपराध्यास गोवते, नाही तर अपराध्यास सोडविते.