उंदराची जागा दूध-पोळी घेत नाही

बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरी मांजर असते ते उंदरांसाठी. सोयाबीनची पोती, ज्वारीची कोठी, गुरांची ढेप यांच्या मागे उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे मांजर येते. घरातून त्याला मिळते ते वाटीभर दूध आणि त्यात कुस्करलेली पोळी. एवढ्यावर ते वर्षानुवर्षे धडधाकट राहते, म्हणून मांजराचे अन्न म्हणजे दूध-पोळी हा समज घट्ट झाला. प्रत्यक्षात त्या मांजराला पोसत होता तो उंदीर. वाटीतले दूध सगळ्यांना दिसायचे, रात्रीची शिकार कोणी पाहायचे नाही, एवढेच.

आता खामगाव, मलकापूर, चिखली किंवा बुलढाणा शहरातील अनेक मांजरे बंद दाराआड राहतात. शिकार सुटली, वाटी मात्र तीच राहिली. घोटाळा इथेच सुरू होतो.

मांजर हा काटेकोर मांसाहारी प्राणी आहे. माणूस किंवा कुत्रा धान्यातून जे मिळवू शकतो, ते मांजराचे शरीर मिळवू शकत नाही. गाजरातील कॅरोटीनपासून जीवनसत्त्व ‘अ’ बनवणे त्याला जमत नाही. ते तयार स्वरूपात, मुख्यतः प्राण्यांच्या यकृतातून मिळावे लागते. गोड चव त्याला कळत नाही. वय वाढते तसे दुधातील साखर पचवण्याची ताकद बहुतेक मांजरांत कमी होते, म्हणून दुधाने अनेकांना जुलाब होतात.

सर्वांत महत्त्वाचा घटक म्हणजे टॉरिन. हे अमिनो आम्ल मांसात, विशेषतः हृदय आणि मांडीच्या स्नायूंत असते. पोळीत ते नसते. मांजराचे शरीर ते पुरेसे तयार करू शकत नाही. टॉरिनअभावी मांजराच्या डोळ्याचा पडदा निकामी होतो, हे शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये दाखवले. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी सिद्ध केले, की टॉरिन कमी पडले तर हृदयाचा स्नायू ढिला पडून मांजर दगावते आणि वेळेत टॉरिन दिले तर अनेकदा सावरते. त्यातील आजारी मांजरे कंपन्यांचे तयार खाद्यच खात होती. त्यानंतर कंपन्यांना खाद्यातील टॉरिन वाढवावे लागले. तज्ज्ञांचीही चूक होऊ शकते, तिथे घरच्या अंदाजावर किती विसंबावे, हा प्रश्न प्रत्येक पालकाने स्वतःला विचारायला हवा.

दूध-पोळीची चूक लक्षात आली की काही जण थेट दुसऱ्या टोकाला जातात. युरोप-अमेरिकेत फेरेट नावाचा, आपल्या मुंगसासारखा दिसणारा लांबट प्राणी घरोघरी पाळतात. तोही मांजरासारखाच पक्का मांसाहारी. त्याला कच्चे मांस, हाडे आणि यकृत यांचा ठरावीक मेळ घालून देण्याची पद्धत तिकडे रुजली आहे. त्याच विचाराची चित्रफीत मोबाइलवर पाहून इथले हौशी पालक दुकानातून बिनहाडाचे चिकन आणतात आणि कच्चेच मांजरापुढे ठेवतात. मेळ मात्र तिकडेच राहतो.

कारण चिकनचा तुकडा म्हणजे अख्खा उंदीर नव्हे. उंदरात मांसाबरोबर हाडे, यकृत, हृदय, रक्त असे सगळे असते. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. मग शरीर ते कॅल्शियम स्वतःच्या हाडांतून काढते. चार-पाच महिन्यांचे पिल्लू पलंगावरून उडी मारते आणि पाय मोडतो, तेव्हा दोष उडीचा नसतो, वाटीचा असतो.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. भोपाळच्या प्रयोगशाळेत बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूचे निदान झाले. २०२५ च्या सुरुवातीला शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाड्यात, पाळीव मांजरांमध्येही हाच विषाणू सापडला. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात घराबाहेर न पडणारे एक मांजर कच्चे गोठवलेले खाद्य खाऊन याच विषाणूने मेले. देशातील कोंबड्यांमधील पहिली बर्ड फ्लूची साथ २००६ मध्ये नवापुरात आली आणि पाठोपाठ बुलढाण्याला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यात पोहोचली. हा रोग आपल्या अंगणापासून लांब आहे, असे समजण्याचे दिवस गेले. त्यात कच्च्या कोंबडीतले साल्मोनेला जिवाणू मांजराच्या वाटीतून, ओट्यावरून, हातांवरून घरातील लहान मुलांपर्यंत पोहोचतात. मांस गोठवल्याने ना हा विषाणू खात्रीने मरतो, ना हे जिवाणू.

म्हणून इथल्या परिस्थितीत मांजराला मांस द्यावे, पण शिजवून द्यावे. शिजवल्याने सत्त्व जाते, हा आक्षेप अर्धा खरा आहे. टॉरिन पाण्यात उतरते. नष्ट होत नाही. ते पाणी फेकून न देता मांसाबरोबरच वाढले की बराचसा तोटा भरून निघतो. मांडीचे मांस आणि हृदय घ्यावे. अर्ध्या किलोमागे सुमारे २५ ग्रॅम कलेजी पुरते. अंड्याची टरफले धुऊन, उकळून, वाळवून केलेली बारीक पूड अर्धा चहाचा चमचा घातली की कॅल्शियमची उणीव बरीच भरते. मीठ-मसाला नको. कांदा-लसूण तर मुळीच नको, कारण त्याने मांजराच्या रक्तातील लाल पेशी फुटतात. शिजवलेली हाडे टोकदार फुटतात, तीही नकोत. एवढे करूनही हे परिपूर्ण खाद्य होत नाही, म्हणून निम्मा आहार मांजरांसाठीच्या तयार खाद्याचा ठेवावा. कुत्र्याचे खाद्य त्या जागी चालत नाही.

प्रमाण मोडले की पोषकच विषारी होते. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातील जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. सेलेनियम शरीराला लागतेच, पण कणभर. कलेजीचेही तसेच. मांजराला ती आवडते म्हणून रोज वाटीभर दिली, तर जीवनसत्त्व ‘अ’ साचून मानेचे मणके एकमेकांना जखडतात. प्रेमाने दिलेले अन्न मापाने दिलेले असतेच असे नाही.

जिल्ह्यातील अनेक घरांत मांस शिजत नाही. त्यांचा आचार आदराचाच आहे. अशा घरांनी मांजरांसाठीचे तयार खाद्य आणावे. तेही चालणार नसेल, तर मांजर पाळू नये. स्वतःचे व्रत माणसाने स्वतः पाळायचे असते. ते मांजरावर लादले, तर किंमत त्याच्या डोळ्यांनी आणि हृदयाने मोजावी लागते.

जबाबदारी एकट्या पालकांची नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचे काम गाय, म्हैस, बैल, शेळी यांच्याभोवती फिरते आणि शेतीच्या जिल्ह्यात ते योग्यच आहे. पण ६ जुलैच्या जागतिक प्राणिजन्य आजार दिनी रेबीज लसीकरणासाठी लोक कुत्री-मांजरे घेऊन येतात. त्याच रांगेत मांजराच्या आहाराचे एक पान मराठीत हाती दिले, तर खर्च छपाईपुरता येईल. सोबत आजारी किंवा मेलेल्या कोंबडीची माहिती कुठे द्यायची, तेही छापावे. दोन्ही गोष्टी एकाच वाटीशी येऊन मिळतात.

शेतातल्या मांजराने आपले पोट आपणच भरले. दार बंद करून त्याला घरात ठेवणाऱ्याने मात्र त्या उंदराचा हिशेब चुकवायला हवा. तो दुधाने चुकत नाही आणि कच्च्या चिकनच्या तुकड्यानेही नाही. त्यासाठी चूल पेटवावी लागते आणि माप हातात घ्यावे लागते.