दहा मिनिटांचा प्रश्न

ऑफिसमध्ये कुणालाच सांगितलं नव्हतं. ‘तीन महिने होईपर्यंत तोंड उघडायचं नाही,’ असा आईचा हुकूमच होता. सहावा आठवडा संपत आलेला. वीकएंडला माहेरी, पेणला गेले होते. शनिवारी सकाळी रक्ताचे डाग दिसले आणि हातपायच गळाले. गणपतीच्या कारखान्यांसमोरून रिक्षा धडधडत निघाली, तेव्हा प्रत्येक खड्ड्याला मी आईचा हात घट्ट धरत होते.

डॉक्टरांच्या केबिनमध्ये आधीची पेशंट अजून ओढणी सावरत होती. दार सताड उघडं. सोनोग्राफी झाली. स्क्रीन त्यांच्याकडे, मी छताकडे बघतेय.

‘ठोके नाहीत. सोमवारी क्युरेटिंग करून टाकू.’

‘पण डॉक्टर, नक्की...?’

‘इंटरनेटवर वाचून आलीस का? होतं असं पहिल्यांदा. पुढच्या वेळी प्रवास कमी कर.’

संपलं! बाहेर रिसेप्शनिस्ट सगळ्यांदेखत विचारतेय, ‘सोमवारच्या क्युरेटिंगवाली कोण?’ रोज क्लायंटला शंभर प्रश्न विचारणारी मी, मान खाली घालून पैसे भरून आले.

सासर रोह्याचं. सासूबाईंचा फोन आला, ‘इकडे ये गं. आपल्या डॉक्टरबाईंना एकदा दाखवू.’ नवरा गाडी घेऊन आला. वडखळ, नागोठणे, रोहा. वाटेत कुणी बोललं नाही.

बाईंनी आधी दार लावलं. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. ‘हा बघ. जेमतेम 4 मिलिमीटर. इतका लहान असताना ठोके दिसत नाहीत कधी कधी. 7 मिलिमीटर किंवा मोठा असूनही ठोके नसले, तरच पक्कं म्हणायचं. दहा दिवसांनी परत बघू.’ मग म्हणाल्या, ‘खोटी आशा लावत नाही हं. पण काहीही झालं, तरी ते तुझ्या प्रवासाने किंवा लॅपटॉपने नाही. सुरुवातीला गर्भ पडतो, तेव्हा साधारण निम्म्या वेळा गुणसूत्रांतच दोष असतो. खूप रक्त गेलं, एका बाजूला जोरात दुखलं किंवा चक्कर आली, तर मात्र लगेच ये.’ सगळं मिळून दहा मिनिटं.

दहा दिवसांनीही ठोके नव्हते.

म्हणजे पेणचे डॉक्टर बरोबर निघाले की! असं एक नातेवाईक म्हणालेसुद्धा. पण त्या शनिवारी त्यांनाही ते नक्की माहीत असणं शक्य नव्हतं. बाईंनी मला तीन मार्ग सांगितले: वाट बघायची, गोळ्या घ्यायच्या किंवा क्युरेटिंग. ‘तुला काय जमेल?’ असं विचारलं. मी रडले, पण ‘माझंच काहीतरी चुकलं’ म्हणून नाही. हा फरक फार मोठा असतो हो.

तर मैत्रिणींनो, आधी प्रश्न मोबाइलमध्ये लिहून न्या. सोबत कुणीतरी असू द्या. रिपोर्ट मागून घ्या. तब्येत स्थिर असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला लाजू नका. महाराष्ट्रात 2021च्या नियमांनुसार खासगी हॉस्पिटलांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. आत शिरताना ती वाचा. आणि गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा ही काही बॉसची मेहेरबानी नाही. 1961च्या मातृत्व लाभ कायद्याने ती दिली, 2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे.

मी रजेचा अर्ज केला आणि खरं कारण लिहिलं. परत कामावर आले, तेव्हा लंच टाइममध्ये अकाउंट्समधली एक जण डबा घेऊन शेजारी येऊन बसली. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, ‘माझंही झालं होतं. दोन वर्षांपूर्वी. कुणाला बोलले नाही.’

त्या दिवशी आम्ही दोघी लंचवरून उशिरा उठलो.