महापालिकेच्या शाळेला वाली कोण?

महापालिकेची एखादी शाळा बंद पडली किंवा दुसरीत विलीन झाली, तरी सोलापूरच्या सुशिक्षित वर्गाला त्याची खंत वाटत नाही. त्याची मुले तेथे नसतात. ज्यांची असतात ते विडी वळणारे, यंत्रमागावर राबणारे. त्यांचा आवाज सभागृहापर्यंत पोहोचतो तो निवडणुकीपुरताच. 2022 च्या मार्चनंतर काही वर्षे तर कारभार प्रशासकाच्या हाती होता. जाब तरी कोणाला विचारायचा?

ही शाळा कोणी भीक म्हणून दिलेली नाही. गोखल्यांनी 1911 मध्ये मांडलेले सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक परकीय सरकारने हाणून पाडले. 1918 मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांना तो अधिकार मिळाला. ज्या सोलापूर नगरपालिकेने 1930 मध्ये आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकवण्याचे धैर्य दाखवले, तिच्या वारसदारांना आज स्वतःच्या शाळांचा भार वाटावा, यासारखे दुर्दैव कोणते?

‘पालकांनाच इंग्रजी माध्यम हवे’, हे ठरावीक उत्तर. या शहराने मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू माध्यमांच्याही शाळा चालवल्या. पूर्व भागातल्या विणकराचे मूल घरच्या भाषेत अक्षर गिरवू शकत होते. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मातृभाषेचा जो पुरस्कार केला, तो सोलापूरने कितीतरी आधी आचरणात आणला होता. पालक पाठ फिरवतो ती भाषेकडे नव्हे, शिक्षक नसलेल्या वर्गाकडे. याच जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तके मुलांच्या कन्नड मातृभाषेत नेणे आणि त्यांना क्यूआर कोडची जोड देणे, याच कामाचा तो गौरव होता. नावापुढे ‘पब्लिक स्कूल’ लावल्याने असे काम होत नाही. (मुंबई महापालिकेने तोही प्रयोग करून पाहिला आहे.)

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे नववे कलम स्पष्ट आहे: हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाची नोंद ठेवणे आणि स्थलांतरितांच्या मुलांना प्रवेश देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. विडी कामगारांची हजारो घरे शहराबाहेर कुंभारीकडे उभी राहिली. 2006 मध्ये दहा हजार घरांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीचे लोकार्पण झाले, 2024 मध्ये रे नगरची पंधरा हजार घरे दिली गेली. घरे मोजली गेली, किल्ल्या वाटल्या गेल्या. जुन्या वस्तीतील शाळेच्या पटावरून उतरलेले मूल नव्या वस्तीत कोणत्या पटावर चढले, याचा माग त्याच तत्परतेने काढला गेला काय?

2024 च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलले. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला पंचवीस टक्के जागांतून सूट! उच्च न्यायालयाने जुलैत तो बदल रद्द केला, हे योग्यच झाले. सरकारी शाळेवर एवढा विश्वास असेल, तर अधिकाऱ्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी आपली मुले आधी तेथे घालावीत. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2015 मध्ये उत्तर प्रदेशात नेमका हाच आदेश दिला होता. तो कागदावरच राहिला.

सोलापूरकरांनी मागणी एवढीच करावी. येत्या जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी इंद्रभुवनाच्या दर्शनी भिंतीवर प्रभागवार यादी लागावी: मुले किती, पटावर किती, मंजूर शिक्षक किती आणि वर्गावर प्रत्यक्ष किती. मराठीची, तेलुगूची, कन्नडची, उर्दूची, सर्वच शाळांची.