लोणार: विवर आणि काठावरचे गाव

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे येणारे बहुतेक प्रवासी काठावरून खारे पाणी पाहून परततात. परंतु सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर, म्हणजे उल्कापाताने बेसॉल्ट या काळ्या अग्निजन्य खडकात पडलेला खळगा, काठावर वसलेल्या गावापासून तोडून पाहिले तर अर्धेच समजते. गावातील दैत्यसूदन मंदिराची शिल्पे, विवराच्या कडेवरील धारेचे गोडे पाणी आणि खाली तळ्यालगत, झाडीत उभे असलेले कमळजादेवीचे मंदिर यांमुळे भूवैज्ञानिक आणि भाविक येथे एकाच पायवाटेने उतरतात, आणि हेच लोणारचे खरे वैभव होय. जून २०२० मध्ये क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे पाणी गुलाबी झाले, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. त्याच वर्षी तळ्याला रामसर स्थळाचा, म्हणजे पाणथळ जागांच्या संरक्षणासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय करारातील, दर्जा मिळाला. मात्र सांडपाणी तळ्यात उतरू लागले, तर पाण्याची क्षारता बदलते आणि त्या क्षारतेवरच जगणारी ही दुर्मीळ जीवसृष्टी धोक्यात येते. वाचकांनी लोणारला अवश्य जावे, गावात मुक्काम करावा, आणि विवरात कचरा टाकू नये.