दंतमंजन दातांसाठी, कवळीसाठी नव्हे

दिनचर्येतील दंतधावनाचा उपदेश आपण सर्वच वैद्य रुग्णांना नित्य करीत असतो. सुश्रुताचार्यांनी बारा अंगुळे लांब व करंगळीएवढ्या जाडीचे दंतकाष्ठ सांगितले. तिक्त रसात निंब, कषायात खदिर, कटूत करंज आणि मधुरात मधूक श्रेष्ठ मानला. हिरड्यांस इजा होऊ न देता दंतधावन करावे, हेही वाग्भटाचार्यांनी बजावले. हा सर्व विचार नैसर्गिक दातांचा आहे. संहिताकारांपुढे ॲक्रिलिकची कवळी नव्हती. आपल्यापुढे मात्र ती रोज येते, आणि तिच्याविषयी आपण बहुधा मौन पाळतो. हे मौन रुग्णांस महाग पडते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे मत बनण्यास आमचीच एक चूक कारण झाली. काही वर्षांपूर्वी सत्तरी ओलांडलेल्या एक आजी, तोंडाची आग होते आणि तिखट सोसवत नाही, अशी तक्रार घेऊन आल्या. आम्ही जीभ पाहिली, ओठ पाहिले, गालांची आतील बाजू पाहिली. कवळी काढावयास मात्र सांगितले नाही. मुखपाक समजून खदिरादि वटी चघळण्यास दिली, इरिमेदादि तैलाचा गंडूष सांगितला व पित्तशामक पथ्य लिहून दिले. चार दिवस बरे वाटे, पुन्हा सारे मूळपदावर येई. दोन महिन्यांनी त्यांच्या सूनबाई सोबत आल्या व सहज बोलून गेल्या, "सासूबाई कवळी रात्रीही काढत नाहीत. गुळणीसुद्धा ती तोंडात ठेवूनच करतात. आणि सकाळी तुमच्याच मंजनाने ती खसाखसा घासतात."

कवळी काढून पाहिली तेव्हा टाळूवरील लाली अगदी कवळीच्या कडेपर्यंतच होती, जणू तिचा ठसाच उमटला होता. कवळीची चकाकी पार गेली होती. बारीक चरे व त्यांत बसलेला पिवळट थर बोटास जाणवत होता. आजींना दंतवैद्यांकडे पाठविले. त्यांनी बुरशीनाशक औषध दिले व कवळीची बैठक सुधारली. रात्री कवळी काढून ठेवणे सुरू झाले आणि काही आठवड्यांत दाह शमला. निदानपरिवर्जन ही पहिली चिकित्सा, हे आपण विद्यार्थ्यांस शिकवितो. येथे निदान हाताच्या अंतरावर असूनही आम्ही ते पाहिले नव्हते.

यामागील कारण समजून घेणे आवश्यक आहे. कवळीचे ॲक्रिलिक हे 1930 च्या दशकापासून या कामी वापरले जाणारे एक प्लास्टिक असून दातांच्या बाह्य आवरणापेक्षा ते पुष्कळच मऊ असते. गेरू, खडू, सैंधव, कोळसा यांची मंजनातील भरड दातांवरील कीट काढते. ॲक्रिलिकवर तीच चरे पाडते. राख, मीठ व मिश्री यांचे काम याहून वाईट. बाजारातील अनेक टूथपेस्टही यास अपवाद नाहीत. या चऱ्यांत अन्नकण व कॅन्डिडा नावाची बुरशी घर करते. मग वास येतो, डाग चढतात, म्हणून रुग्ण आणखी जोराने घासतो. अशा रीतीने स्वच्छतेच्या आग्रहानेच कवळीचे आयुष्य कमी होते आणि दोष मात्र कवळी करणाऱ्याच्या माथी येतो.

योग्य पद्धत साधी आहे. प्रत्येक जेवणानंतर कवळी काढून पाण्याने धुवावी व चूळ भरावी. दिवसातून एकदा मऊ ब्रश आणि सौम्य साबण यांनी आतून-बाहेरून घासावी. धुताना खाली पाण्याने भरलेले भांडे किंवा घडी केलेला पंचा असावा, कारण असंख्य कवळ्या मोरीच्या फरशीवर पडूनच दुभंगतात. उकळते पाणी कधीही वापरू नये, त्याने कवळीचा आकार बिघडतो; ती कोरडी ठेवल्यानेही बिघडतो. म्हणून रात्री ती झाकणाच्या डबीत साध्या पाण्यात बुडवून ठेवावी व पाणी रोज बदलावे. तारेची किंवा धातूची अर्धी कवळी ब्लीचिंगच्या द्रावणात टाकू नये, धातू खराब होतो. हिरड्या, टाळू व जीभ स्वच्छ ओल्या फडक्याने किंवा मऊ ब्रशने हलकेच पुसावीत.

रात्री कवळी काढण्याचा आग्रह केवळ हिरड्यांच्या विश्रांतीसाठी नाही. जपानमध्ये 85 वर्षे व त्यापुढील 524 वृद्धांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळले. वृद्धांच्या कास-श्वासाची चिकित्सा करताना हा प्रश्न विचारावयास हवा.

आपल्या औषधांचाही यात संबंध येतो. चूर्णाचे कण कवळीखाली अडकून हिरडी सोलवटते. च्यवनप्राशासारखा अवलेह चिकटून राहतो आणि त्यातील साखर तेथेच साचते. तेव्हा अशा रुग्णास औषध देताना, त्यानंतर कवळी काढून चूळ भरावी, एवढे एक वाक्य चिठ्ठीवर लिहावे. गंडूष व कवल नेहमी कवळी काढूनच सांगावेत. स्नेह ज्या हिरडीपर्यंत पोहोचावयाचा, ती झाकलेली असेल तर उपयोग तो काय?

कवळी सैल झाली की रुग्ण कापूस भरतात, घरीच कानस लावतात किंवा चिकटद्रव्याने वेळ निभावतात. दात गेल्यावर जबड्याचे हाड हळूहळू झिजते, त्यामुळे सैलपणा येणारच. त्यावर दंतवैद्यांकडून नवे अस्तर भरून घेणे हाच मार्ग होय. जस्तयुक्त चिकटद्रव्याच्या दीर्घ अतिवापराने शरीरातील ताम्र कमी होऊन नाडीविकार जडल्याचीही उदाहरणे नोंदली गेली आहेत. पायांस बधिरता येऊन वातव्याधी म्हणून आलेल्या वृद्धास कवळीविषयी विचारणे म्हणूनच अस्थानी नाही. अग्निमांद्य किंवा कृशता घेऊन येणाऱ्यासही तेच विचारावे. ज्याला भाकरी चावता येत नाही, त्याला दीपन-पाचन किती पुरणार?

आता औषधालयाच्या चालकांस विनंती. "हे आयुर्वेदिक आहे, कशालाही चालते," असे वाक्य आपल्या गल्ल्यावरून सहज निघते. मंजन मागणाऱ्या वृद्ध ग्राहकास, "दात स्वतःचे आहेत की कवळी?" एवढे विचारावे. कवळीचा ब्रश, झाकणाची डबी व कवळी स्वच्छ करण्याच्या गोळ्या दुकानात ठेवाव्यात. मंजनाचा एखादा डबा कमी खपला तरी त्याहून अधिक विश्वास जोडला जाईल. मंजन तयार करणाऱ्या आपल्या सभासदांनी वेष्टनावर "कवळीसाठी वापरू नये" ही ओळ छापावी, असा प्रस्ताव आम्ही संघटनेपुढे मांडीत आहोत.

यावर काही ज्येष्ठ वैद्यमित्र म्हणतील की, हा दंतवैद्यांचा प्रांत आहे, आपण त्यात का पडावे? कवळी करणे हा त्यांचा प्रांत निःसंशय आहे. परंतु तीच कवळी मंजनाने घासली जाते ती आपल्या सल्ल्याने, किंवा आपल्या मौनाने. मंजनात दोष नाही आणि शास्त्रातही नाही. द्रव्य कोणते, ते कोठे व कोणासाठी वापरावयाचे याचा विचार म्हणजेच युक्ती, आणि ती आपणच सोडली तर उणेपण आपले आहे.

यापुढे मुखपरीक्षेचा आरंभ "कवळी असल्यास काढा" या शब्दांनी व्हावा. आमच्या चिकित्सालयात तो आता तसाच होतो. अलं विस्तरेण.