आधी गळती शोधा, मग पत्रा कापा

दसऱ्याला गाडी धुऊन हार घालताना मॅट उचलून कुणी पाहत नाही. पाहिलं असतं तर निम्म्या जुन्या गाड्यांतून खालचा रस्ता दिसला असता. आता हौशी मालक घरच्या अंगणातच छोटं वेल्डिंग मशीन घेऊन बसतात आणि अर्धवट राहिलेलं काम आपल्याकडे आणतात. त्यांना हसण्यात अर्थ नाही. भोकावर ठिगळ, चार रिव्हेट, वर एम-सील आणि खालून डांबर, हा उद्योग आपल्याच धंद्यातला. ठिगळाच्या फटीत पाणी अडकतं आणि गंज आडोशाने पसरत राहतो.

महिंद्राच्या जुन्या जीपला वेगळी चासी आहे, तिथे एवढं तरी खपून जातं. कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी मात्र १९५३ च्या फियाट ११००-१०३ च्या घराण्यातली, स्वतंत्र चासी नसलेली. तिचा भार तळ आणि दाराखालची सिलच पेलते. दोन्ही बाजू एकदम कापल्या की बॉडी बसते, आणि ते कळतं नवा पत्रा लागल्यावर दार लागेनासं झालं की. दाराच्या चौकटीत आधी अँगल टॅक करा, गाडी स्टँडवर घ्या, एका वेळी एकच बाजू उघडा.

कापायची रेघ भोकाच्या कडेने नको. ग्राइंडर फिरवल्यावर पत्रा स्वच्छ चकाकतो तिथे मारा. पत्रा सीआर, १८ किंवा २० गेजचा. जीआय नको, वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीत जातो. बॅटरी सोडवा, तळाखालची पेट्रोलची नळी आणि ब्रेकपाइप बाजूला घ्या. मग एक टॅक इकडे, एक तिकडे. घाईने सलग ओढलं की पत्रा पापडासारखा वळतो. शेवटी प्राइमर, सांध्यांना सीलर आणि त्यानंतरच अंडरकोट.

पण हे सगळं दुय्यम. पाणी आलं कुठून? पुढच्या काचेचं कडक झालेलं रबर, दाराच्या तळाची मातीने तुंबलेली भोकं आणि मॅटखाली महिनोन्‌महिने ओलं राहिलेलं फेल्ट, हे नेहमीचे आरोपी. एकाला आत बसवा, बाहेरून पाइपाने पाणी मारा, थेंब कुठून येतो ते पाहा. हे कापायला घेण्याआधी करायचं.

कापलेला पत्रा गिऱ्हाइकाला दाखवा आणि गळती काढल्याची मजुरी बिलावर वेगळी लावा. पद्मिनीला नुसतं ठिगळ मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा.